पाच दिव्यांची गाडी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या घरात कुकरच्या शिट्टीच्या आधी माझा आवाज वर जातो, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. परभणीत गंगाखेड रोडला आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. पाण्याचे टँकर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गोदामांचे सांगाडे अशी कामं चालतात. शेडच्या कोपऱ्यात काचा लावलेली एक खोली आहे, तिला ऑफिस म्हणायचं, आणि तिथं मी बसायचं. फोन घेणं, माल मागवणं आणि वेळ पडेल तसं गिऱ्हाइकांशी भांडणं ही कामं माझ्याकडं. भांडणाचं काम मी मनापासून करते.

शेड उभं केलं ते माझ्या सासऱ्यांनी. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा मूळचे राणीसावरगावचे. मिसरूड फुटायच्या आत गाव सोडून परभणीला आले, एका वेल्डरच्या हाताखाली राबले आणि हळूहळू स्वतःच उस्ताद झाले. कारागीर त्यांना अजून उस्तादच म्हणतात. त्यांनी मारलेला जोड बघितला की वाटायचं, पत्रा असा जोडूनच कारखान्यातून आला असेल. कुणी तारीफ केली तर म्हणायचे, "त्यात काय हाय? हात ठरला की झालं."

आणि तो हातच ठरेना झाला. उजवा. आधी बोटं हलायला लागली, मग मनगट. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मामा 'बीपीच्या हायत' म्हणून घेत. घरात त्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मामा तो हात बंडीच्या खिशात ठेवायला लागले. आत्या त्यांना चहा अर्धा कप द्यायच्या, आणि तो संपला की उरलेला अर्धा. मला वाटलं, गरम चहा प्यायची हौस असेल. मग एकदा मीच घाईघाईत कप काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला, आणि बशीत, बंडीवर, सतरंजीवर चहाच चहा झाला. आत्यांनी फडकं आणलं आणि माझ्याकडं असं बघितलं की माझ्यासारखी बाई दिवसभर गप्प राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी यांनी ती गाडी आणली. संभाजीनगरला कुणीतरी आपला कारखाना आवरत होता, तिथून जुनी उचलली. गाडी म्हणजे काय, तर बसायची गाडी नव्हे. पोळपाटापेक्षा थोडी मोठी, चार रबरी चाकांची, पोटाखाली लोहचुंबक असलेली एक पेटी. चुंबकामुळं ती लोखंडाला घट्ट धरून चालते. पुढं एक दांडा, त्यात वेल्डिंगची गन अडकवायची, बटन दाबायचं. मग गाडी जोडावरून मुंगीच्या चालीनं पुढं सरकते आणि गन वेल्डिंग मारत जाते. गन धरायला माणसाचा हात लागत नाही. यांच्या मनात नेमकं तेच होतं. पण बोलले काय? "प्रॉडक्शन वाढेल." आमच्या घरातले लोक मायेचं बोलणं असं वळसा घालून बोलतात, माझा तर जीव वैतागून जातो.

आत्यांनी गाडी बघितली आणि म्हणाल्या, "अगं बया, ह्ये तर महादेवाच्या देवळातलं कासव!"

मामा हसले नाहीत. ते गाडीच्या पाठीकडं बघत होते. पाठीवर बटनांची पाटी होती आणि तिच्यावर ओळीनं पाच छोटे दिवे. कोणत्या दिव्याचा काय अर्थ, ते कधीकाळी खाली छापलेलं असणार, पण आधीच्या कारखान्यातल्या हातांनी ते सगळं पुसून गेलं होतं. माहितीचं पुस्तक मागितलं तर विकणारा म्हणाला, "मॅडम, चालवा, आपोआप कळेल." मी त्याला फोनवर जे बोलले ते इथं लिहीत नाही.

मग मी आणि मामा त्या दिव्यांच्या मागं लागलो. ह्यांना वेळ नसायचा, आणि कारागिरांना त्या कासवाशी खेळायची लाज वाटायची. हातानं झटपट मारतो की, म्हणायचे. संध्याकाळी काम उरकलं की मामा भंगारातला एखादा पत्रा पसरायचे, त्यावर गाडी ठेवायचे आणि मला हाक मारायचे, "पोरी, ये. बघू आज काय बोलायलीय ही."

पहिला दिवा पांढरा. वायर जोडली की तो लागायचा, म्हणजे गाडी तयार आहे. इतकं कुणालाही कळलं असतं. पण कधी कधी तो लुकलुकायचा आणि गाडी जागची हलायची नाही. मी म्हणाले, बिघडली. मामा म्हणाले, थांब. बाहेर जाऊन शेडचा बल्ब बघून आले. बल्ब पिवळा पडला होता. संध्याकाळी सगळीकडच्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडं लाईट अशीच मरगळते. "तिला पोटभर मिळंना, म्हणून डोळे मिचकावतीय," मामा म्हणाले. पुढचे दोन दिवे हिरवे, त्यांचा उलगडा सोपा झाला; एक पुढं जाताना लागायचा, एक मागं येताना.

चौथा पिवळा. त्यानं आम्हाला फार छळलं. मधेच लागायचा आणि गाडी थांबायची. आम्ही वायरी तपासल्या, चाकं तपासली. एक दिवस मामांनी जेवणाचा डबा पत्र्यावरच ठेवला होता, गाडी चालत गेली, डब्याला टेकली, पिवळा लागला आणि गाडी थांबली. डबा उचलला, दिवा गेला. गाडीच्या नाकाशी एक बारकी पट्टी होती. ती कशाला टेकली की गाडी समजायची, पुढं रस्ता नाही. आधी ती पट्टी पत्र्यावरच्या उंचवट्याला अडकत होती, आणि आम्ही आपले चाकं खोलत बसलो होतो. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तुझ्या आत्याच्या डब्यानं शिकवलं बघ," म्हणाले.

पाचवा लाल. गाडीची वायर टेबलाच्या पायाखाली अडकली होती, तेव्हा तो लागला. मोटार घुंघुं करत होती, गाडी हलत नव्हती. मामांनी झटकन बटन बंद केलं. "जास्त ओझं झालं तिला. लाल लागला की आधी थांबायचं, मग विचार करायचा."

त्याच दिवसांत मामांनी मला एक गोष्ट सांगितली. वेल्डिंग चालू असताना त्या उजेडाकडं उघड्या डोळ्यांनी बघता येत नाही, तोंडावर काळपट काचेचा मुखवटा लागतो. मी मुखवटा लावून दिवे बघत होते आणि म्हणाले, "मामा, नीट दिसतच नाहीत. सगळे एकच वाटतात."

"वाटणारच. ह्या काचेतून दिसलाच तर हिरवाच दिसतो, कोणता बी असो. रंग बघू नको. जागा बघ. पहिला का दुसरा का पाचवा."

मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं. मी आल्यागेल्याला हे ऐकवायचे.

दिवे कळले तरी एक काम माणसाच्या हातालाच होतं. गाडी सरळ जाते, पण पत्र्याचा जोड काही पट्टीनं मारलेली रेघ नसतो. जरासा इकडं, जरासा तिकडं होतो. म्हणून चालत्या गाडीसोबत सरकत एक छोटा नॉब हळूहळू फिरवत राहावं लागतं, म्हणजे गन जोडावर राहते. भंगाराच्या पत्र्यावर आम्ही दोघं आळीपाळीनं नॉब धरायचो. मामा डाव्या हातानं उजवं मनगट धरून फिरवायचे. मी तेव्हा मुद्दाम दिव्यांकडं बघायचे.

अशात राणीसावरगावहून काम आलं. गावातल्या लोकांनी मिळून पाण्याचा टँकर करायचं ठरवलं होतं. उन्हाळ्यात, लग्नकार्यात, फवारणीला, सगळ्यांच्या उपयोगी पडेल असा. मामा गावाला गेले आणि पारावर बसून सांगून आले, "टँकरच्या पोटाचा जोड मी सोता मारणार. दुसरं कुणी हात लावणार न्हाई." पोटाचा जोड म्हणजे टँकरच्या तळाचा लांबलचक जोड. पाण्याचं सगळं ओझं त्याच्यावर, आणि गळायला लागला तर पहिला तोच. परत आले तेव्हा मामांचा चेहरा बघण्यासारखा होता. कित्येक महिन्यांनी त्यांनी जेवताना दुसऱ्यांदा भाकरी मागितली. यांनी मला खूण केली, बघितलं का? मी बघितलं होतं. गाडी ज्या कामासाठी आणली ते आता होणार होतं.

मधे दसरा आला. खंडेनवमीला आमच्या शेडमधली सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतात आणि आत्या येऊन पूजा करतात. वर्षातून त्या एकदाच शेडमधे येतात, पण येतात त्या मालकिणीसारख्या. लोखंडाला कोरडं कुंकू धरत नाही, म्हणून त्या कुंकू तेलात कालवून आणतात. ग्राइंडरला बोट, ड्रिलला बोट, हातोड्याला बोट. आणि एकदा लावलेलं पूजेचं कुंकू पुसायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. ते वापरता वापरता आपोआप जाईल तेव्हा जाईल. गाडीपुढं आल्यावर आत्या क्षणभर थांबल्या. "पाच डोळे हायत हिला," म्हणाल्या आणि नवी गाडी म्हणून कौतुकानं एकेका दिव्यावर बोट टेकवत गेल्या. कुंकू, हळद, कुंकू, कुंकू, हळद. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू.

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मामांनी टँकरचा पत्रा लावून घेतला. टाकी आडवी ठेवलेली, पोटाचा जोड वर घेतलेला. बाजूला बाकडी लावली. मामांनी गाडी टाकीवर चढवली, गन बसवली, मुखवटा खाली ओढला. सगळ्यांनी हातातली कामं थांबवली होती. मी हातात काच धरून लांबून बघत होते. गाडी निघाली. ठिणग्या, धूर, तो करकर आवाज. मामा तिच्यासोबत इंचाइंचानं सरकत होते. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

निम्म्या टाकीवर मामांनी बटन बंद केलं. मुखवटा वर केला, गाडीकडं बघितलं आणि म्हणाले, "लाल लागला."

सगळे धावले. खरंच, पाटीवर लाल दिवा दिसत होता. यांनी वायरी तपासल्या, चाकं तपासली, मोटारीला हात लावला. काही अडकलेलं नव्हतं, काही तापलेलं नव्हतं. बंद करून पुन्हा चालू केलं, तर पुन्हा लाल. विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, लाल असताना चालवू नका, मोटार जळेल. मामांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

"न्हाई म्हणायलीय ती मला," एवढंच बोलले आणि रस्त्यावर जाऊन ऑटोत बसले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. खोकला झालाय म्हणाले, पण खोकताना कुणी ऐकलं नाही. यांनी रात्री जेवताना हळूच विचारलं, "मग टँकरचं काय करायचं?" मामा ताटाकडं बघत म्हणाले, "मारा की कुणी बी." कुणी बी! पारावर बसून शब्द देऊन आलेला माणूस. राणीसावरगावहून फोन यायचे आणि मी, जी एका वाक्यात माणसाला जमिनीवर आणते ती, 'होईल हो, होईल' करत बसायचे.

एका दुपारी कारागीर जेवायला गेले होते, हे बाजारात गेले होते. मी तणतणत टाकीपाशी गेले आणि वायर जोडून गाडीपुढं उभी राहिले. "काय गं भवाने," मी तिला म्हणाले, "माझ्या सासऱ्याला न्हाई म्हणतीस?" लाल दिवा शांतपणे लागलेला होता. आणि मग मला दिसलं. तो पाचव्या जागेवर नव्हताच. तो पहिल्या जागेवर होता. पहिली जागा पांढऱ्याची! पाचव्यावर हळदीचा ठिपका होता आणि तो विझलेला होता. मी पहिल्या दिव्यावर अंगठा घासला. अंगठा लालभडक. खाली दुधासारखा पांढरा उजेड.

कुंकू! तेलात कालवलेलं आत्यांचं कुंकू!

मी त्या रिकाम्या शेडमधे एकटीच खो खो हसले. मग फडक्यानं पाचही दिवे लख्ख पुसले, नियम गेला खड्ड्यात, ते फडकं पिशवीत टाकलं आणि स्कूटीवर बसले. उड्डाणपुलावर दोघा-तिघांना शिव्या दिल्या, पण आनंदानं.

मामा ओसरीवर बसले होते. आत्या समोर शेंगा फोडत होत्या. मी चप्पलसुद्धा काढली नाही. फडकं त्यांच्यापुढं नाचवलं. "मामा, लाल-बिल काही नव्हता! कुंकू होतं, कुंकू! पांढऱ्या दिव्यावर आत्यांनी कुंकू फासून ठेवलं होतं. गाडी ठणठणीत आहे. चला, उठा! आणि आत्या, धन्य आहे तुमची, दिव्याला कुणी कुंकू लावतं का हो?"

मला वाटलं मामा हसतील, त्या डब्याच्या वेळी हसले होते तसे. ते हसले नाहीत. त्यांनी फडक्याकडं बघितलं आणि मान फिरवली. आणि आत्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"माझ्या कुंकवानं?" त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं तुमचं काम अडलं व्हय? दसऱ्याच्या पूजेनं?" त्यांचा चेहरा उतरला आणि डोळ्यांना धार लागली. "सोन्यासारखं काम चाललं होतं. मीच नाट लावला. गावात तुमचा शब्द मीच खाली पाडला." पदर तोंडाला लावून त्या हुंदके द्यायला लागल्या. ह्या बाईला रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

मामांनी डाव्या हातानं माझ्याकडून ते फडकं घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"उगी रडू नको," शेवटी म्हणाले. "तुझ्या कुंकवानं काही झालं न्हाई."

"पण ही म्हणायलीय ना—"

"तिला काय कळतंय?" मग माझ्याकडं वळले. "पोरी, मी बटन बंद केलं तवा माझा मुखवटा कुठं होता?"

"तोंडावर," मी म्हणाले.

"काचेतून लाल दिसतो का कधी?"

मी चप्पल काढली आणि खाली बसले. आल्यागेल्याला ऐकवायची मी ती गोष्ट! काचेतून दिसलाच तर हिरवाच. रंग बघू नको, जागा बघ. सगळं मला पाठ होतं, आणि त्या दिवशी मी लांबून काच धरून उभी होते, तरी डोक्यात आलं नाही.

"मी थांबलो तिथला जोड बघितला का तू? न्हाई बघितला. जा, बघ. थांबायच्या आधी चार बोटं वाकडा गेलाय. जोड एकीकडं आन् वेल्डिंग एकीकडं." त्यांनी बंडीच्या खिशातून हात काढला आणि मांडीवर ठेवला. तो थरथरत होता. "ह्यो हाल्ला. नॉब फिरवताना. गाडीनं बिचारीनं काय बी केलं न्हाई. मी बंद केली, काच वर केली, तर तिथं लाल दिसला. पहिल्या जागी. मला कळलं होतं की कुंकू हाय. पण सगळी बघायली होती. बरं झालं वाटलं. देवानंच लावला वाटलं. म्हणलं, लाल लागला."

आत्यांचं रडणं थांबलं होतं.

"आन् तुला रडवलं खामखा," मामा आत्यांना म्हणाले.

आत्यांनी डोळे पुसले, शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि आत गेल्या. चहा घेऊन आल्या. कप काठोकाठ भरलेला होता. तो त्यांनी मामांच्या हातात दिला आणि खालून बशी स्वतःच्या दोन्ही हातांनी धरून ठेवली, चहा संपेपर्यंत. मला तिथं बसवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

बाहेर आले तर मामा चप्पल घालत होते. "चल. आधी तो वाकडा भाग घासून काढायचा. तसल्या जोडावर पुढं मारायचं न्हाई."

"आणि मग?"

"मग काय? नॉब तू धर."

"मी? मामा, शेडमधे इतके कारागीर आहेत!"

"त्ये हातानं मारणारे. ह्या कासवाशी आपलं दोघांचंच जमलंय. आन् तुझा हात ठरतो. मी बघितलाय की. तू तिकडं दिवे बघायची, मी तुझा हात बघायचो."

मी लाख भांडखोर असेन, पण गुमान स्कूटीची किल्ली घेतली.

यांना आम्ही सगळं सांगितलं. ते नुसते मान हलवत ऐकत राहिले, आणि मग स्वतः ग्राइंडर घेऊन तो वाकडा भाग घासायला बसले. कुणाला हात लावू दिला नाही. घासून झाल्यावर मामांनी वाकून तिथून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी, लाईट ताकदीची असताना, आम्ही गाडी पुन्हा टाकीवर चढवली. कारागिरांपैकी कुणीतरी हसलं असं मला वाटलं. मी एकदा नुसतं बघितलं, मग नाही हसलं. मामा पलीकडच्या बाजूला, मी अलीकडं. दोघांच्या तोंडावर मुखवटे. भंगाराचा पत्रा वेगळा आणि एका गावाचं पाणी वेगळं.

"पहिला लागलाय का?" मामांनी विचारलं.

"लागलाय."

"पाचवा?"

"नाही."

"चल मग."

गाडी निघाली. काचेतून मला फक्त तो हिरवा उजेड दिसत होता, त्यात जोडाची काळी रेघ, आणि माझी दोन बोटं नॉबवर. मामांचा आवाज मधून मधून यायचा. "तुझ्याकडं. जरासिक. बास. माझ्याकडं. न्हाई, लय झालं. हां, चालू दे." त्यांनी एक हात टाकीवर ठेवला होता, उजवाच. टाकी गाडीच्या चालीनं बारीक थरथरत होती, आणि त्यांचा हातही. मला वाटलं होतं लवकर संपेल. संपतच नव्हतं. पाठ भरून आली, घाम डोळ्यांत उतरला, पुसायची सोय नाही. मग पत्रा संपला, मामांनी "सोड" म्हटलं आणि मी बटन दाबलं.

मुखवटे वर केले. मामा जोडाच्या कडेनं चालत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोंड अगदी जवळ नेऊन. मी मागोमाग सरकत होते. ते म्हणाले, "दोन जागी घाई केलीस." आणि थोड्या वेळानं, जाता जाता, "पन ठीक हाय."

त्यांच्या तोंडून 'ठीक हाय' निघालं म्हणून कारागिरांनी माझ्याकडून मिसळ वसूल केली, आणि मीही हौसेनं खाऊ घातली.

टाकी उलटवून पोट खाली घेतलं, पाण्यानं काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी मामा पंचा पसरून टाकीखाली आडवे झाले. बाहेर आले तेव्हा पाठ कोरडी होती.

मग रंग झाला, चाकं लागली, आणि राणीसावरगावची माणसं ट्रॅक्टर घेऊन टँकर न्यायला आली. त्यांच्यात मामांच्या लहानपणचा एक सोबती होता, पांढऱ्या मिशांचा, जोरात बोलणारा. त्यानं टँकरला एक फेरी मारली, खाली वाकला, पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "पोटाचा जोड तूच मारला ना रे? पारावर बोलला होतास."

आमचे हे पटकन पुढं झाले. "हो हो, बाबांनीच—"

मामांनी त्यांना हातानं थांबवलं. मग तोच हात खिशात न घालता त्या सगळ्या माणसांसमोर तसाच धरून ठेवला. तो हलत होता आणि सगळ्यांना दिसत होता. ट्रॅक्टरवर बसलेल्यानं मशीन बंद केलं.

"न्हाई मारला," मामा म्हणाले. "मला आता येत न्हाई. हात हालतो. हिनं मारला, माझ्या सुनंनं."

त्या मिशीवाल्यानं मामांच्या हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, साडीवरच्या ठिणग्यांच्या भोकांकडं बघितलं. शेवटी घसा साफ करून म्हणाला, "मग... गळंल का रे?"

मामा टँकरला टेकले. "गळला तर गावात माझं नाव घ्या," म्हणाले. "न्हाई गळला तर हिचं."